ग्रीकचा पेपर आणि शाळेतलं संस्कृत: बिगिनर कोर्सच्या परीक्षेची तयारी

हौसेने म्हणा, फिलॉसॉफी किंवा लिंग्विस्टिक्स करताना लागली म्हणून म्हणा, ज्यांनी प्राचीन ग्रीकचा बिगिनर कोर्स घेतलाय आणि आता पहिली टेस्ट किंवा फायनल तोंडावर आलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुण्यात बसून ग्रीक करणारे बरेच जण बाहेरच्या एखाद्या युनिव्हर्सिटीचा ऑनलाईन कोर्स करतात, काही जण सेमिनरीत बायबलची ग्रीक शिकतात. बायबलवाल्यांची ग्रीक थोडी नंतरची आणि सोपी, तिच्यात द्विवचन नाहीच आणि ऑप्टेटिव्ह (इच्छा-शक्यता दाखवणारं क्रियारूप) फार क्वचित, बाकी पेपरचा साचा दोन्हीकडे जवळपास एकच. शब्द चालवा, धातू चालवा, फॉर्म ओळखा, वर्गात झालेला उतारा ट्रान्सलेट करा, न झालेला करा, आणि शेवटी दोनचार वाक्यं इंग्रजीतून ग्रीकमध्ये.

आता आपण मराठी लोकं काय करतो तर शाळेत जसं देवः देवौ देवाः केलं तसंच लोगोस, लोगू, लोगॉइ सुरू करतो, आणि त्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, आठवीपासून दहावीपर्यंत तेच तर केलंय. पण पेपरमध्ये तक्ते लिहायला येतात त्याला मार्क किती? थोडेच. बाकी सगळा पेपर उलट्या बाजूने विचारतो, म्हणजे फॉर्म समोर ठेवणार आणि म्हणणार सांगा हे काय आहे. तक्ता वरून खाली घडाघडा म्हणता येणारा माणूस मधलंच एखादं रूप सुटं समोर आलं की तिथे पोचायला परत पहिल्यापासून म्हणायला लागतो आणि त्यात वेळ जातो. म्हणून तयारीचा अर्धा वेळ तरी उलट्या दिशेने घालवा, शेवटाकडून सुरुवातीकडे.

लिपीबद्दल आधी सांगून टाकते. इथे मी ग्रीक शब्द देवनागरीत लिहितेय, ओमेगाला ऑ आणि ओमिक्रॉनला ओ, एटा आणि एप्सिलॉन दोन्हीला ए (नाईलाज आहे), पण तुम्ही तुमच्या वहीत चुकूनही असं करू नका, पहिल्या दिवसापासून ग्रीक अक्षरातच लिहा. न्यू दिसतं इंग्रजी व्हीसारखं, ऱ्हो पीसारखं, एटा एनसारखं, आणि परीक्षेच्या घाईत हात बरोबर इंग्रजीकडे वळतो. उच्चाराचं मात्र आपल्याला वरदानच आहे, कारण क्लासिकल काळातले फी, थीटा, खी हे आपले सरळ फ, थ, ख, म्हणजे श्वास सोडून म्हटलेले प, त, क. इंग्रजीवाल्यांना हा फरक कानाला कळत नाही म्हणून ते त्याचं काहीतरी भलतंच करतात, आपल्याला कप आणि कफ यात कधी गोंधळ होतो का? उप्सिलॉन तेवढं परकं आहे, पण ज्यांनी जर्मन केलंय (आणि पुण्यात कोणी नाही केलं!) त्यांना तो उमलाउटवाला यू माहीत आहेच.

आता उलटा सराव म्हणजे नक्की काय ते एका फॉर्मवर दाखवते. आर्खूसि. समोर आलं की पहिल्यांदा वाटतं सोपं आहे, आर्खॉ म्हणजे राज्य करणे, त्याचं तृतीय पुरुष बहुवचन, ते राज्य करतात. बरोबर. पण आर्खॉन म्हणजे अधिकारी, त्याचं षष्ठीचं रूप आर्खोन्तोस, त्यातलं मूळ आर्खोन्त, आणि त्याला चतुर्थी बहुवचनाचा सि लागला की न आणि त दोन्ही पडतात, आधीचा स्वर लांबतो आणि तयार होतं काय तर परत आर्खूसि, अधिकाऱ्यांना. आणि ‘राज्य करणाऱ्यांना’ असं जे धातुसाधित आहे त्याचंही चतुर्थी बहुवचन तेच. तीन उत्तरं, आणि कुठलं बरोबर ते वाक्यातला शेजारी सांगणार, म्हणजे आधी तोइस हे आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘द’ सारखं) आलंय का, वाक्यात दुसरं क्रियापद आहे का. ज्याने फक्त तक्ता पाठ केलाय त्याला यातलं एकच दिसतं आणि तो पुढे जातो, अख्ख्या वाक्याचा अर्थ मग वाकडा होतो.

म्हणून रोज धड्यातल्या पाचसहा ओळी घ्या आणि प्रत्येक शब्दाखाली लिहा की हा काय आहे. नाम असेल तर विभक्ती, वचन, लिंग, प्रथमा आणि षष्ठी एकवचन, आणि ती विभक्ती का. क्रियापद असेल तर पुरुष, वचन, काळ, मूड, व्हॉइस आणि मूळ धातू. ‘का’ लिहायचा कंटाळा येतो आणि नेमकं तेच विचारतात: ही चतुर्थी साधनाची की वेळेची, ही षष्ठी मालकीची की तुलनेची. पर्सियससारखी साईट आहे जिच्यावर शब्दावर क्लिक केलं की सगळं पार्सिंग, म्हणजे फॉर्मची ही फोड, आयतं मिळतं, ती उत्तर तपासायला वापरा, पेपर जवळ आला की पूर्ण बंद, नाहीतर पार्सिंग बोटांना येतं आणि डोक्याला येत नाही.

आर्टिकल. हो, हे, तो. तीन लिंगं, चार विभक्त्या, दोन वचनं, चोवीस खाने, आणि लोक हे पहिल्या आठवड्यात करून सोडून देतात. माझं म्हणणं असं की पेपरच्या आदल्या दिवशी फक्त एकच तक्ता बघायची मुभा असेल तर हा बघा. खॉरास असा शब्द आला, हे षष्ठी एकवचन की द्वितीया बहुवचन? दोन्ही दिसायला अगदी सारखे. आधी तेस असेल तर देशाचा, तास असेल तर देशांना, विषय संपला. शिवाय आर्टिकल कुठे बसलंय त्यावरही अर्थ फिरतो, हो सोफोस आन्थ्रॉपोस म्हणजे शहाणा माणूस पण हो आन्थ्रॉपोस सोफोस म्हणजे माणूस शहाणा आहे, क्रियापद नाही म्हणून शोधत बसू नका, ते तिथे नाहीच.

तिसऱ्या डिक्लेन्शनला, म्हणजे नामं चालवायच्या तिसऱ्या गटाला, सगळे घाबरतात. त्यातली युक्ती एकच, शब्द पाठ करताना प्रथमा एकटी कधीच पाठ करायची नाही, जोडीने षष्ठी हवीच. नुक्स, नुक्तोस. एल्पिस, एल्पिदोस. फुलाक्स, फुलाकोस. षष्ठीचा ओस काढला की मूळ हातात येतं आणि पुढची सगळी रूपं त्यावर. प्रथमेवरून मूळ काढायला गेलात तर फसणार.

क्रियापदांकडे येऊ, इथे शाळेतलं संस्कृत खरंच कामाला येतं. लङ् लकारात धातूच्या आधी अ लागायचा ना, अपठत्, अगच्छत्, तसाच ग्रीकमध्ये ए लागतो, लूऑ पासून एलूओन. फेरॉ आणि भरामि, एफेरोन आणि अभरम्, शेजारी ठेवून बघा. आणि उपसर्ग असेल तर तो अ कुठे बसायचा? उपसर्ग आणि धातूच्या मध्ये, अनु अधिक अगच्छत् म्हणून अन्वगच्छत्. ग्रीकमध्ये तंतोतंत तेच, आपोबाल्लॉ चं आपेबाल्लोन. त्यामुळे डिक्शनरीत शब्द शोधताना मधला ए काढून टाकायचा असतो हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला लागू नये. दिदॉमि म्हणजे ददामि, तिथेमि म्हणजे दधामि. या तिथेमिमध्ये तर थि-थे असं व्हायला हवं होतं पण लागोपाठ दोन महाप्राण नकोत म्हणून पहिल्याचा त झाला, जसं आपल्याकडे धधामि न होता दधामि झालं. मिडल व्हॉइस म्हणजे आत्मनेपद, आणि एर्खोमाइ, बूलोमाइ असली जी क्रियापदं दिसायला मिडल पण अर्थाने साधी, ती म्हणजे आपली लभते, वन्दते मंडळी. आऑ, एऑ वाले कॉन्ट्रॅक्ट धातू म्हणजे निव्वळ स्वरसंधी, ए अधिक ओ बरोबर ऊ, आ अधिक ओ बरोबर ऑ, आ अधिक ए बरोबर लांब आ, ते एका कार्डावर लिहून ठेवा आणि प्रत्येक रूप आधी सुटं मग जोडून लिहा.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते इम्परफेक्ट आणि सेकंड एओरिस्टमध्ये. एलेइपोन आणि एलिपोन. पहिलं म्हणजे मी सोडत होतो, दुसरं म्हणजे मी सोडलं, फरक किती तर मध्ये एक ए. तसंच एफेउगोन आणि एफुगोन. प्रत्यय दोघांचेही एकच असतात त्यामुळे शेवट बघून इथे काही कळणार नाही, मूळ बघावं लागतं, वर्तमानकाळाचं मूळ असेल तर इम्परफेक्ट, नसेल तर एओरिस्ट. वरून अजून एक, एलेइपोन हे ‘मी’ पण आणि ‘ते’ पण, कर्ता शोधल्याशिवाय ठरवू नका.

आणि म्हणून प्रिन्सिपल पार्ट्स, म्हणजे ज्यांवरून धातूची बाकी रूपं होतात ती मुख्य रूपं. सहा असतात: लूऑ, लूसॉ, एलूसा, लेलुका, लेलुमाइ, एलुथेन. हा शहाणा मुलगा आहे, बाकीचे असे वागत नाहीत. फेरॉ चं भविष्य ओइसॉ आणि एओरिस्ट एनेन्का, कुठून काय. पण मराठीत तरी ‘जातो’ चा भूतकाळ ‘गेला’ कसा होतो? तसंच. असे वेडे धातू बिगिनर कोर्समध्ये मोजकेच असतात, तुमच्या पोर्शनमधले काढून त्यांची यादी करा आणि ते मोठ्याने, चालीत, पाढ्यांसारखे म्हणा. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही, कोणी काहीही सांगो. कार्डावर नुसता ‘एनेन्का’ लिहा आणि मागे ‘फेरॉ, एओरिस्ट’, म्हणजे इथेही उलट्या बाजूने विचारलं जाईल. अँकी हे फ्लॅशकार्डचं अॅप वापरत असाल तर कार्ड दोन्ही दिशांनी येतील असं सेटिंग ठेवा.

आता संस्कृत जिथे गळ्यात येतं ते. एक, अपादानाची पंचमी ग्रीकमध्ये नाही, तिचं काम षष्ठी करते, आणि तृतीया-सप्तमीचं काम चतुर्थीकडे. दोन, नपुंसकलिंगी बहुवचन कर्ता असला की क्रियापद एकवचनी घेतात, संस्कृतवाला हमखास बहुवचन लिहून येतो आणि मार्क घालवतो. तीन, द्विवचन आहे पण बहुतेक बिगिनर पोर्शनमध्ये नसतं, सर किंवा मॅडमना विचारून घ्या आणि नसेल तर ढुंकूनही बघू नका. चौथं जरा नीट बघा. व्याकरणाच्या वर्गात ते वाक्य असायचं, रामेण बाणेन हतो वाली, रामालाही तृतीया आणि बाणालाही तृतीया. ग्रीकमध्ये या दोघांची फारकत आहे, मारणारा माणूस हुपो लावून षष्ठीत जातो आणि बाण नुसता चतुर्थीत, त्याला काही लागत नाही. इंग्रजीतून ग्रीक करायच्या वाक्यात हे हटकून असतं, कारण इंग्रजीत दोन्हीकडे ‘बाय’ किंवा ‘विथ’ अशी सरमिसळ चालते.

ट्रान्सलेशन इंग्रजीत लिहायचं असलं तरी डोक्यात आधी मराठी करा, हा माझा सगळ्यात लाडका सल्ला. कारण ग्रीकला धातुसाधितांचं भयंकर वेड आणि इंग्रजीत ती करताना ‘हॅविंग टेकन’ असलं काहीतरी अवघड होऊन बसतं, आणि आपल्याकडे मात्र सगळं तयार आहे. हे बघा: हो स्त्रातेगोस तूस स्त्रातिऑतास लाबॉन एल्थेन एइस तेन पोलिन. सेनापती, सैनिकांना, घेऊन, आला, शहरात. लाबॉन म्हणजे सरळ ‘घेऊन’, आणि त्यात ‘सोबत’ हा अर्थही जसा मराठीत आपोआप येतो तसाच ग्रीकमध्ये. साधारण हिशोब असा की एओरिस्ट धातुसाधित आलं तर ‘-ऊन’, वर्तमानाचं आलं तर ‘-ताना’ किंवा ‘-णारा’. आणि जेनिटिव्ह अॅब्सोल्यूट, ज्याच्यावर लोक अडून बसतात, तू स्त्रातेगू केलेउसान्तोस होइ स्त्रातिऑताइ एफुगोन, म्हणजे सेनापतीने हुकूम दिल्यावर सैनिक पळाले. ‘-ल्यावर’, बास. ज्यांनी सति सप्तमी केलीय त्यांनी फक्त सप्तमीच्या जागी षष्ठी बसवायची. (संस्कृतातही षष्ठी चालते पण अनादर दाखवायचा असेल तेव्हा, ग्रीकांना आदर-अनादराशी घेणं नव्हतं.) मेन… दे… ची जोडी आली तरी ‘तर… पण’ करून बघा, आणि हे दे, गार, ऊन वगैरे शब्द वाक्याच्या पहिल्या जागी कधी येत नाहीत, आपल्या च, तु, हि सारखेच, त्यामुळे ग्रीक लिहिताना त्यांना दुसऱ्या जागी ठेवा.

अॅक्सेंटचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. आधी कोर्समध्ये त्याला मार्क आहेत का ते बघा, काही ठिकाणी धरतच नाहीत. धरत असतील तर एवढं पुरे: क्रियापदाचा आघात जमेल तितका मागे पळतो, नामाचा असतो तिथेच राहायला बघतो, आणि शेवटचं अक्षर लांब झालं की शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात टिकत नाही. आन्थ्रॉपोस मध्ये आघात आ वर, षष्ठी केली आन्थ्रॉपू, शेवट लांब झाला, आघात थ्रॉ वर सरकला. हे एक उदाहरण डोक्यात पक्कं असेल तर बरंच निभावतं. पण ब्रीदिंग (सुरुवातीला ह म्हणायचा की नाही ते सांगणारी खूण) मात्र कुठेच सोडू नका, स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दावर हवंच, आणि सुरुवातीच्या उप्सिलॉनवर नेहमी ह वालं. तसाच तो अक्षराखालचा छोटा इओटा, खॉरा प्रथमा आणि खॉरा चतुर्थी यात त्या एका टिंबाएवढ्या रेघेचाच फरक असतो, आणि तपासणारा तीच रेघ शोधत असतो.

अभ्यास कुठे करायचा? सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिका चांगल्या पण तिथे एमपीएससीवाले मान खाली घालून बसलेले असतात, तुम्ही ‘लूऑ लूएइस लूएइ’ पुटपुटलात की सगळे वळून बघणार, तर तिथे फक्त लेखी सराव, उतारे, पार्सिंग. मोठ्याने म्हणायचं काम सकाळी टेकडीवर, तळजाई म्हणा हनुमान टेकडी म्हणा, तिथे लोकं मोठमोठ्याने हसण्याचे व्यायामसुद्धा करतात, तुमच्या ग्रीककडे कोणी लक्ष देणार नाही. कोरी कार्डं अप्पा बळवंत चौकात मिळतील, पांढरी न घेता तीन रंगांची घ्या, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसक वेगळ्या रंगात, म्हणजे लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचायचं नाही. झालेले उतारे परत, पण ट्रान्सलेशन झाकून. वर्गातला उतारा पाठ होऊन बसलेला असतो आणि आपण ग्रीक न बघताच इंग्रजी म्हणून मोकळे होतो, म्हणून वाक्यं शेवटून पहिल्याकडे वाचा, मग खरं काय येतं ते कळतं. रोज दोन वाक्यं ग्रीकमध्ये लिहा, अगदी साधी, शिक्षक मुलांना पुस्तकं देतो: हो दिदास्कालोस तोइस पाइसि बिब्लिया दिदॉसि. आधी क्रियापद ठरवा, मग कर्ता, मग बाकीच्यांना विभक्त्या वाटा. सुंदर वाक्य करायच्या भानगडीत पडू नका, पेपरमध्ये बरोबर हवं असतं.

ऑनलाईन परीक्षा असेल तर तीन गोष्टी. एक म्हणजे कीबोर्ड, विंडोजमध्ये ग्रीक पॉलिटॉनिक नावाचा लेआउट असतो, साधा ग्रीक घेतलात तर ब्रीदिंग येणार नाहीत, आणि कुठली की दाबून काय येतं हे परीक्षेच्या आधी हाताला सवय झालेलं हवं. दुसरं घड्याळ, यूके-युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं फिरतात, त्यामुळे यूकेतला दुपारी दोनचा पेपर हिवाळ्यात आपल्याकडे साडेसातला असतो आणि उन्हाळ्यात साडेसहाला. अमेरिकेत तारखा वेगळ्या, तिथे मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. तिसरं, पेपर गुरुवारी असेल तर मेंटेनन्ससाठी लाईट जाऊ शकते हे धरून लॅपटॉप फुल चार्ज आणि मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

पेपर हातात आला की आधी कच्च्या कागदावर आर्टिकलचा तक्ता आणि लूऑ चे सहा भाग उतरवून काढा, डोकं रिकामं व्हायच्या आत. मग तक्त्यांचे प्रश्न, मग ओळखीचा उतारा, मग ग्रीक वाक्यं, अनोळखी उतारा सगळ्यात शेवटी पण त्याला वेळ सगळ्यात जास्त. अनोळखी उताऱ्यात पहिल्या वाचनाला पेन खाली ठेवा, दुसऱ्या वाचनाला फक्त क्रियापदांखाली रेघा मारा, आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता मिळाल्याशिवाय एक शब्दही इंग्रजीत लिहू नका. एखादा शब्द अडलाच तर रिकामी जागा सोडण्यापेक्षा त्याची विभक्ती-वचन तरी लिहा, बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्धा मार्क मिळतो. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि त्यात फक्त एवढंच तपासा: ब्रीदिंग, खालचा इओटा, शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळ्या आकाराचा काढलाय का, आणि नपुंसक बहुवचन कर्त्याशेजारी क्रियापद एकवचनी आहे का.